लेकीची पहिली सही





गेल्या महिन्यात या सदराच्या टपालात एका भगिनीचे चार पानी पत्र आले. तिचे नाव, गाव छापू नये अशी तिची विनंती आहे, ती मी पाळते. पती वारून नऊ वर्षे झाली. सासू-सासरे त्याआधीच गेले. स्वतः अंगणवाडीत मदतनीस. मुलगी बारावीला, मुलगा नववीला. पतीच्या नावावर दोन एकर वीस गुंठे जमीन होती. त्यांच्या मागे वारस नोंद झाली आणि सातबारावर तिघांची नावे लागली. पुढच्या महिन्यात मुलगी अठरा वर्षांची होते आहे आणि त्या निमित्ताने या माउलीने तीन गोष्टी विचारल्या आहेत.

पहिली गोष्ट. मुलीचे हक्कसोडपत्र भावाच्या नावे करायचे आहे, ते वाढदिवसाच्या दिवशीच करता येईल का? मुलीला मामाच्या ओळखीतून स्थळ आले आहे, लग्नाआधी कागद झालेला बरा, नंतर जावई कसा निघेल सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, मुलगी लग्न होऊन जाणारच आहे तर मतदार यादीत नाव आत्ता घालावे की सासरी गेल्यावर? तिसरी गोष्ट तिने प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. पत्राच्या शेवटी, जागा उरली म्हणून लिहावे तसे लिहिले आहे की पोरगी नर्सिंगचे म्हणते, पण स्थळ चांगले आहे.

चार पानांत मुलगी काय म्हणते हे सांगणारे हे एवढेच वाक्य. बाकी सगळे मुलीबद्दल आहे, मुलीचे नाही. माउलीला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. नऊ वर्षे एकटीने दोन लेकरे वाढवणे काय असते हे ज्याने केले त्यालाच कळते. पण अशीच पत्रे वर्षातून दोन-तीन येतात, विहारात महिला मंडळाच्या बैठकीनंतर बायका बाजूला घेऊन हेच विचारतात. म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहिते आहे.

आधी दोन शब्दांकडे पाहू. आपल्या सरकारी मराठीत अठरा वर्षांखालील माणसाला 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा पूर्ण झालेल्याला 'सज्ञान'. तुमच्या सातबारावर मुलांच्या नावापुढे बहुतेक 'अ.पा.क. आई' आणि पुढे तुमचे नाव असे लिहिलेले असेल. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अनेकींना वाटते हे काहीतरी गटाचे किंवा आकाराचे अक्षर असावे. ते तुमचे पद आहे. लेकराला स्वतःचे हित कळेपर्यंत त्याची मालमत्ता सांभाळणारी व्यक्ती असा त्याचा अर्थ. सांभाळणारी, मालकीण नव्हे.

सज्ञान होण्याचे वय ठरवणारा कायदा इंग्रजांच्या काळातला, १८७५ सालचा आहे. त्यात अठरा वर्षे हे वय तेव्हापासूनच होते. मात्र ज्या मुलाचा पालक न्यायालयाने नेमलेला असे त्याला एकवीस वर्षे थांबावे लागे. ही तफावत १९९९ च्या दुरुस्तीने गेली आणि सर्वांना अठरा हेच वय झाले. जन्माचा दिवस हा एक पूर्ण दिवस धरायचा आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडताच, म्हणजे रात्रीचे बारा वाजले की, माणूस सज्ञान झाला असे कायदा म्हणतो. तेव्हा माउलीच्या प्रश्नाचे कोरडे उत्तर 'हो' असे आहे. वाढदिवसाच्या दिवशी दुय्यम निबंधकाचे कार्यालय उघडे असेल तर मुलीची सही चालेल.

आणि काळजी आहे ती इथेच. ती सही चालेल.

आदल्या दिवशीपर्यंत त्या मुलीच्या भोवती कायद्याचे कुंपण असते. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, असा निकाल १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबीच्या खटल्यात दिला. कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलाने आपले घर सावकाराकडे गहाण टाकले होते. सावकाराच्या माणसाला मुलाचे वय माहीत होते, तरी कागद झाला. न्यायालयाने सांगितले की हा कागद नाहीच. सव्वाशे वर्षे होत आली, आजही वकील त्याच निकालाचा दाखला देतात. पालकावरही बंधन आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. नावात हिंदू असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे आई किंवा बाप अज्ञान लेकराच्या नावची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाहीत, गहाण टाकू शकत नाहीत. तसे कोणी केले असेल तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावून तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. आपल्या वस्त्यांमध्ये बाप गेल्यावर चुलत्यांनी जमिनीची परस्पर विल्हेवाट लावल्याची उदाहरणे थोडी नाहीत. ज्यांची लेकरे आता अठरा ते एकवीस या वयात आहेत त्यांनी जुने फेरफार काढून एकदा वाचून घ्यावेत. मुदत गेल्यावर कपाळाला हात लावून उपयोग नसतो.

अठरावा वाढदिवस उजाडतो आणि हे कुंपण निघते. त्या क्षणापासून तिच्या सहीला तुमच्या-माझ्या सहीइतकेच वजन येते. 'मला कळत नव्हते' हे म्हणणे पूर्वी कायदा स्वतःहून मान्य करीत होता, आता ते तिला न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागेल. असा हा अधिकार. आणि त्या अधिकाराचा पहिला वापर काय व्हावा? तर आपला हक्क सोडण्याचा! नागरिक म्हणून पहिल्या दिवशी पहिली सही कशावर, तर 'माझे काही नाही' या कागदावर.

माउली, थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तुमच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. त्या तसबिरीतल्या माणसाने १९५१ साली कायदेमंत्रीपदाचा राजीनामा दिला. कारणे अनेक होती, पण हिंदू कोड बिल अडवले गेले हे त्यातले फार मोठे कारण होते. त्या बिलात काय होते? मुलीला बापाच्या इस्टेटीत वाटा होता. तो वाटा पुढे तुकड्या-तुकड्यांनी आला. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत भावाबरोबर जागा दिली. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना दिला. २००५ साली केंद्राने तो सर्व मुलींना दिला. आणि दुरुस्ती झाली तेव्हा बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. म्हणजे एका मंत्रीपदावर पाणी सोडण्यापासून सुरू झालेली वाट पूर्ण व्हायला जवळजवळ सत्तर वर्षे गेली. आणि आपण ती मामुली किमतीच्या मुद्रांकावर एका सकाळीत उलटी फिरवतो. तसबिरीला हार घालून निबंधकाकडे निघतो!

जमीन कुठून आली हेही तुम्ही लिहिले आहे. आजेसासऱ्यांच्या वतनाची. मग तर बोलायलाच नको. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. गावकीची वेठ करायची आणि बदल्यात हाडकीचा तुकडा मिळवायचा, ही त्या वतनाची खरी कहाणी. वतन खालसा करण्याचा कायदा १९५८ साली झाला आणि जमीन गावकीच्या चाकरीतून मोकळी होऊन कसणाऱ्यांच्या नावे लागली. पिढ्यान्‌पिढ्या घराने जी वेठ केली, त्यात बायकांनी काय कमी केली? पाटलाच्या वाड्यावर सरपण कोणी नेले, अंगण कोणी झाडले? त्या जमिनीच्या सातबारावर या घरातल्या मुलीचे नाव असणे ही मेहेरबानी नव्हे. (वतनाची जमीन असेल तर सातबारावर भोगवटादार वर्ग २ असे असण्याची शक्यता आहे. तशी असेल तर हस्तांतराच्या कोणत्याही कागदाआधी तहसील कार्यालयात शर्तींची चौकशी करावी.)

आता हिशेब पाहू. पतीच्या मागे तुम्ही, मुलगा आणि मुलगी, तिघांचा वाटा सारखा. शंभर गुंठ्यांत तिचे तेहतीस गुंठे. तुम्ही म्हणाल, तेहतीस गुंठ्यांनी काय होते? पुष्कळ होते. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो आणि त्याचा पुरावा म्हणजे सातबारावरचे नाव. आज ते नाव कमी केले आणि उद्या नर्स होऊन तिने चार पैसे साठवले, तर स्वतःच्या कमाईने अर्धा एकर घ्यायलाही तिला अडचण येईल. रस्ता, कालवा, प्रकल्प आला तर मोबदला ज्याचे नाव त्याला. आणि संसारात काही वाईट घडले तर, तसे घडू नये, पण विहारातल्या समझोत्याच्या बैठका तुम्हीही पाहिल्या असतील, परत येणाऱ्या मुलीला माहेरी पाहुणी म्हणून येणे वेगळे आणि आपल्या तेहतीस गुंठ्यांवर येणे वेगळे.

जावयाची भीती वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. बायकोला माहेरून मिळालेल्या जमिनीवर नवऱ्याचा काही हक्क नसतो. ती तिची स्वतःची असते, ती हयात असेपर्यंत तिच्या सहीशिवाय त्याला काही करता येत नाही. खरी भीती ही आहे की तो तिच्याकडून सही घेईल. मग इलाज काय? आधीच आपण सही घेऊन टाकायची? चोर नेईल म्हणून भांडे आपणच विकून टाकण्यासारखे झाले. इलाज हा की सही म्हणजे काय हे तिला नीट समजावून द्यावे. जी मुलगी आईला 'थांब, आधी वाचते' म्हणू शकते ती नवऱ्यालाही म्हणेल. जिला आईपुढे मान खाली घालून अंगठा टेकवायची सवय लावली, ती सासरी मान कशी वर करील?

दुसरी भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती ओळींच्या मधून दिसते. वाटा ठेवला तर भाऊ नाराज होईल, माहेर तुटेल. आपल्या बहिणी पिढ्यान्‌पिढ्या याच भीतीने सही करीत आल्या. बहिणीने हिस्सा सोडला की भाऊ पंचमीला न्यायला येतो, दिवाळीला साडी घेतो. तेहतीस गुंठे आणि वर्षाची एक साडी! मुलगा अजून नववीत आहे. त्याला आत्तापासून सांगा की ही जमीन तिघांची आहे. मुलांना कळते. न कळण्याचे आपणच शिकवतो.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात आईबापांनी लेकरांसाठी करायच्या पाच गोष्टी येतात. वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळवणे, विद्या-कला शिकवणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा हाती सोपवणे. वर्षावासात हे सुत्त आपण ऐकतो, साधुकार देतो. पाचव्या गोष्टीवर थांबून विचार किती जण करतो? वारसा सोपवणे असे म्हटले आहे, काढून घेणे नव्हे.

मुलीला पुढे कधी खुशीने भावाला द्यावेसे वाटले तर? द्यावे की. हक्कसोडपत्राला लग्नाआधीची अशी कोणतीही मुदत नाही. पंचविसाव्या वर्षी करता येते, चाळिसाव्या वर्षी करता येते. तोवर ती कमावती झालेली असेल, भावाचे वागणे तिने पाहिलेले असेल, आणि देणे हे खरोखर देणे असेल. घाईने मागितला जाणारा कागद नेहमी मागणाऱ्याच्या सोयीचा असतो. एकदा नोंदणी झालेला कागद फिरवायला दिवाणी दावा लागतो, वर्षे जातात.

आता मतदार यादी. याबाबत माझे मत अगदी ठाम आहे, नाव आत्ताच घाला, लग्नाशी त्याचा काही संबंध नाही. मुलींच्या बाबतीत हे 'सासरी गेल्यावर बघू' फार जुने आहे. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ला झाली तेव्हा याद्या करणाऱ्यांपुढे एक अजब अडचण आली. लाखो बायका स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच. निवडणूक आयोगाने सांगितले, नाव नसेल तर मत नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. जिला स्वतःचे नाव सांगता आले नाही तिला मत देता आले नाही.

त्याआधी तर मत हा हक्कच नव्हता, ती मालमत्तेची शेपटी होती. इंग्रजी अमलात शेतसारा भरणारे, घरपट्टी भरणारे, शिकलेले, अशांनाच मत. ज्यांना गावात पाणी भरू देत नव्हते त्यांच्यापाशी सारा भरायला जमीन कुठून असणार? १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण बाबासाहेबांनी साक्ष दिली ती याच प्रश्नावर, आणि १९२८ साली सायमन आयोगापुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. अडाण्याच्या हाती मत कसे द्यायचे, असे भलेभले विचारीत होते तेव्हाची ही मागणी आहे. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने ती पूर्ण झाली. तेव्हा वय एकवीस होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते अठरा झाले, २८ मार्च १९८९ पासून. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीसची पोरे पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. आमच्या पिढीला ती रांग आठवते.

पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असावे लागत, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्यांचे वर्ष वाया जाई. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही देता येतो. नवीन नावासाठी नमुना ६. पुढे लग्न होऊन किंवा शिक्षणासाठी पत्ता बदलला तर नमुना ८ भरून नाव तिकडे नेता येते. यादीत नाव आले की ती ग्रामसभेचीही सभासद झाली, हे लोक विसरतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथे ती अंगणवाडीच्या गळक्या छपरावर बोलू शकते. तुमच्याच अंगणवाडीच्या, माउली! पंचायतीला उभे राहायला मात्र एकवीस वर्षे लागतात, आमदार-खासदार व्हायला पंचवीस.

राहिला तिसरा प्रश्न, न विचारलेला.

मुलीच्या लग्नाला कायद्याने अठरा वर्षे लागतात, मुलाच्या एकवीस. ही वये १९७८ साली ठरली. त्याआधी मुलीचे वय पंधरा होते आणि १९२९ च्या शारदा कायद्यात तर चौदाच. मुलींचे वयही एकवीस करावे असे विधेयक २०२१ साली लोकसभेत आले होते, पण २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. तेव्हा आज अठरा हेच खरे. पण ही वयाची खालची मर्यादा आहे. अठराच्या आत करू नका, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे मात्र तिला गाडी सुटण्याची वेळ समजतात. अठरा झाली, उजवा! आणि ज्या मुलीचे लग्न अठराच्या आतच लावून दिले असेल, तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांत, म्हणजे वीस पूर्ण होण्याआधी, ते लग्न न्यायालयातून रद्द करून घेता येते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात तशी तरतूद आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मुलीला एकटी मागे ठेवता येत नाही म्हणून अशी लग्ने आजही लागतात. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बाबासाहेबांचे स्वतःचे लग्न भायखळ्याच्या बाजारात लागले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते आणि माता रमाई नऊ वर्षांच्या आसपास. तो काळच तसा होता. पण २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी बायकांना काय सांगितले? लग्नाची घाई करू नका. लग्न ही जोखीम आहे, लेकरे आपल्या पायावर उभी राहीपर्यंत ती त्यांच्यावर लादू नका. आणि लग्न झालेल्या प्रत्येक मुलीने नवऱ्यापुढे मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. आज ऐंशीहून अधिक वर्षांनी मी याच्यावर कोणती भर घालू? नर्सिंगचे तीन-चार वर्षांचे शिक्षण आणि मग पगार. चांगले स्थळ चार वर्षे थांबत नसेल तर ते किती चांगले आहे याचा विचार करावा.

आणि मुलीने उद्या स्वतः कोणी पसंत केला तर? सज्ञान मुलगा-मुलगी आपल्या मर्जीने लग्न करू शकतात, जात आड येऊ शकत नाही, धमक्या देणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंह खटल्यात सांगितले. २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात तर जातपंचायतींना खडसावले. निकाल चांगले आहेत. पण २०१४ च्या एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला आपल्या सतरा वर्षांच्या पोराला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकले आणि २०१७ साली आरोपी सुटले, साक्षीदार फिरले म्हणून. अठरा वर्षेसुद्धा त्याला मिळाली नाहीत. म्हणून आईबापांना भीती वाटते, हे मला समजते. ती भीती खोटी नाही.

परंतु एक विचारते. आपल्या वधू-वर मेळाव्यात पोटजातीचा रकाना कशाला असतो? बौद्ध मुलीने मातंग, चर्मकार घरातला मुलगा पसंत केला तर आपल्या घरात रडारड का होते? खर्ड्यासाठी आपण मोर्चे काढले, काढलेच पाहिजेत. पण सज्ञान लेकराच्या निवडीचा मान राखण्याचे काम आपल्या उंबऱ्याच्या आतही आहे. ते मोर्च्याहून अवघड जाते, कारण तिथे घोषणा देता येत नाहीत.

मुलांबद्दल थोडे, कारण अठरा फक्त मुलींना लागत नाहीत. अठरा झाल्यावर गाडीचा परवाना मिळतो. त्याआधी पोराच्या हाती मोटारसायकल दिली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणाच्या कर्जाला जामीन राहणे, मित्रासाठी हप्त्यावर मोबाईल आपल्या नावे घेणे, हे सज्ञान माणसाचेच उद्योग आहेत आणि वसुलीही त्याच्याकडूनच होते. मिरवणुकीत झालेल्या बाचाबाचीत अठरा पूर्ण झालेल्या पोराचे नाव गुन्ह्यात आले तर पुढे पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत ते आडवे येते. शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्यात येतात ते खाते अज्ञानाचे असेल तर बँकेत जाऊन नवी सही, फोटो देऊन ते सज्ञानाचे करून घ्यावे. नाहीतर ऐन फी भरण्याच्या वेळी पैसे अडकतात.

नवऱ्याने सोडलेल्या भगिनींसाठी एक गोष्ट. मुलगी अठराची झाली की बापाची जबाबदारी संपली, असे सांगून खर्च बंद करणारे असतात. अविवाहित मुलीला स्वतःच्या उत्पन्नावर भागवता येत नसेल तर अठरानंतरही बापाकडून निर्वाह मागण्याचा हक्क १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आहे. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

माउली, तुम्ही विचारलेला कागद मी सांगणार नाही, पण दुसरा एक सांगते. वाढदिवस झाला की सातबारावरचा 'अ.पा.क.' हा शेरा मुलीच्या नावापुढून कमी करून घ्यायचा असतो. तो आपोआप जात नाही. अनेक बायका चाळिशीच्या झाल्या तरी सातबारावर 'अज्ञान' राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला, आधारची प्रत आणि चालू सातबारा जोडायचा. फेरफार नोंद धरली जाते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. मग नवा सातबारा काढून नीट वाचा, नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, सगळे. मुलाचे नाव तूर्त तसेच राहील, त्याची वेळ आली की त्याचाही अर्ज असाच द्यायचा.

अर्ज मुलीला स्वतःच्या हाताने लिहू द्या. खाली सही तिची. तुम्ही सोबत जा, पण बाकड्यावर बसा. तलाठी तुमच्याकडे पाहून बोलू लागले तर तिच्याकडे बोट दाखवा.